वाचक विचारतात : वकील नाही, पण कोर्टाचं काम करायचंय

(जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात आणि नंतर दिवाणी टेबलावर नोकरी करून सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका या पानावर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळची चारही पत्रं मराठवाड्यातली आहेत आणि चौघांनाही एकाच वाटेबद्दल विचारायचं आहे.)

पत्र पहिलं

मॅडम, नमस्कार. मी सेलूची. वय ३७, बी.कॉम., ५२ टक्के. एका पतसंस्थेत दहा-अकरा वर्षं होते, आधी कॅशवर, मग वसुलीच्या टेबलावर. संस्थेचं शटर खाली आलं आणि नोकरी गेली. ठेवीदारांत माझी सख्खी मावशी आहे, गल्लीतला चहावाला आहे. सुरुवातीला लोक शिव्या द्यायला दारात आले. नंतर तीच माणसं कागद घेऊन येऊ लागली. ताई, हा फॉर्म भरून दे, ही पावती कुठं जोडायची, पोलिसांत काय द्यायचं. ते करताना मला पहिल्यांदा वाटलं, हे काम आपल्याला येतं. इथल्या एका वकीलसाहेबांनी माझ्या फायली बघितल्या आणि म्हणाले, ऑफिसला या, मला कारकून पाहिजे. त्याच सुमारास संभाजीनगरच्या एका क्लासवाल्यानं सांगितलं की पॅरालीगलचा (वकिलाच्या मदतनिसाचा) कोर्स करा, ४५ हजार फी, नोकरीची हमी, सोमवारपर्यंत १० हजार भरा. घरचे म्हणतात, करायचंच तर एलएल.बी. कर, वकिलाच्या हाताखाली कागद काय उचलायचे. लेकरू सहावीत आहे, मालक कृषी केंद्रावर कामाला आहेत. या वयात हे जमेल का? नेमकं काय करू?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर

ताई, वकीलसाहेबांकडं जा. क्लासला एक रुपयाही देऊ नका. सोमवार जवळ आलाय म्हणून हे आधी सांगून टाकते.

आता घरच्यांचं म्हणणं. 'कागद उचलायचे' या शब्दांचं मला वाईट वाटलं. मी सगळी नोकरी कोर्टाच्या टेबलाच्या आतल्या बाजूनं केली, आणि तिथून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. गरीब माणूस युक्तिवादात हरण्याच्या कितीतरी आधी हरलेला असतो. एखादा कागद लागलेला नसतो, एखादी तारीख निघून गेलेली असते. न्यायाधीशांसमोर उभं राहून बोलायचं काम वकिलाचं, पण ती वेळ येईपर्यंत फाईल जिवंत ठेवायचं काम कारकुनाचं.

आपल्याकडचा वाटणीचा दावा घ्या. पंधरा-वीस प्रतिवादी, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. दावा चालू असताना त्यातला एखादा वारतो. कायद्यानं नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायचे असतात. नाही घेतले तर दावा त्याच्यापुरता ॲबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. मग ते उठवायला साठ दिवसांत अर्ज. तेही दिवस गेले की विलंबमाफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्यावर तारखा. वकिलाला गावातली मयत कशी कळणार? ती कळते कारकुनाला, आणि तीही तो दर तारखेच्या आधी पक्षकाराला फोन करून 'घरचे सगळे ठीक आहेत ना' विचारत असेल तरच. हा एक फोन कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

किंवा नकलेचं बघा. नक्कल विभागात बसून मी हे रोज पाहिलंय. निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकलेवर तीन तारखा असतात : अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, नेली कधी. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा काळ या मुदतीतून वगळतात. पण तयार झालेली नक्कल आमच्या कपाटात पडून राहिली, तर ते दिवस वगळत नाहीत, ते पक्षकाराच्या मुदतीतूनच जातात. चांगला कारकून निकालाच्या दिवशीच अर्ज टाकतो आणि मग रोज खिडकीवर येऊन विचारतो. काही जण महिन्यानं यायचे आणि पक्षकाराला सांगायचे की कोर्टानंच उशीर केला. खिडकीच्या पलीकडं धोतराचा सोगा हातात धरून उभा असलेला तो म्हातारा ते खरं मानायचा. मला आतून बोलता यायचं नाही. म्हणून आज तुम्हाला इतकं कळकळीनं लिहितेय.

तर हे काम हलकं नाही. आणि तुम्ही ते आजवर केलेलंच नाही, असंही नाही. वसुलीच्या टेबलावर तुम्ही सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहायक निबंधकांकडं वसुली दाखल्याची प्रकरणं पाठवली असतील. कर्जदाराचा चेक परत आला की बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पंधरा दिवस वाट, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद, हे कलम १३८ चं गणित तुमच्या बोटांवर असणार. खातेउतारा वाचणं, व्याज ताडून बघणं, सह्या जुळवणं, जामीनदाराचा पत्ता शोधून काढणं, हे सगळं तुम्हाला येतं. तालुक्याच्या वकिलाकडं चेकची प्रकरणं भरपूर असतात. पहिल्या महिन्यापासून तुम्ही उपयोगाच्या आहात, हे त्या वकीलसाहेबांनी बरोबर ओळखलंय. पगाराचं बोलताना तुम्हीही ते विसरू नका.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी त्यांच्या कानावर घाला. ज्या संस्थेत तुम्ही होता तिच्या प्रकरणात उद्या तुम्हाला साक्षीला बोलावू शकतात. तेव्हा त्या संस्थेच्या ठेवीदारांचं काम ते ऑफिस घेणार असेल, तर त्या फायलींना तुम्ही हात लावायचा की नाही, हे त्यांना ठरवू द्या. लोकांना फॉर्म भरून देताय ते जरूर द्या, पण पैसे न घेता. आणि कुणाचीही मूळ पावती तुमच्या घरी ठेवून घेऊ नका. ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. त्यात सक्षम प्राधिकारी नेमतात, संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त होते आणि विशेष न्यायालयात पुढचं चालतं. हे लांबणारं काम आहे आणि शेवटी माणसाच्या हातात पुरावा म्हणून ती पावतीच असते. मावशींना सांगा, झेरॉक्स द्या, त्यावर पोच घ्या, मूळ पावती पेटीत ठेवा.

आता क्लासबद्दल. आपल्या देशात पॅरालीगल व्हायला परवाना लागत नाही, त्याची सरकारी परीक्षा नाही, सक्तीचं प्रमाणपत्र नाही. परदेशात असेल, इथं नाही. त्यामुळं ४५ हजारांचा कागद दाखवला म्हणून कुठलाही वकील तुम्हाला ठेवून घेणार नाही. अभ्यासाची हौस असेल तर इग्नूची पॅरालीगलची पदविका आहे, घरी बसून होते. पण आधी टायपिंग. पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा द्या, मराठी ३० आणि इंग्रजी ४०. जिल्हा न्यायालयातल्या लिपिकाच्या भरतीलाही हेच मागतात आणि वकिलाच्या ऑफिसातही उपयोग याचाच. मोबाइलवर ईकोर्ट्सचं ॲप घ्या, ते फुकट आहे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, रोजनामा (त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), निकाल समोर येतो. तरी ऑफिसची डायरी हातानं लिहायची ती लिहायचीच. ॲपवरची तारीख आणि कोर्टात पुकारलेली तारीख वेगळी निघाली, तर कोर्टात बसून लिहिलेली डायरी कामाला येते.

फौजदारीत १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत. त्याआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुन्या भादंविचीच कलमं लागतात, म्हणून दोन्हींचे आकडे शेजारी लिहिलेला तक्ता टेबलावर ठेवा. मोबाइलमधला फोटो, रेकॉर्डिंग, सीसीटीव्ही पुराव्यात द्यायचं तर नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पक्षकार मोबाइल बदलण्याआधी हे त्याला सांगणारं कुणीतरी लागतं.

एलएल.बी.चं म्हणाल तर दार उघडं आहे. तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या सीईटीला वयाची वरची अट नाही. खुल्या प्रवर्गाला पदवीचे ४५ टक्के लागतात, तुमचे ५२ आहेत. परभणीत विधी महाविद्यालय आहे आणि सेलूहून रेल्वे आहे. पण ७० टक्के हजेरीचा नियम आहे, आणि पत्राद्वारे केलेल्या एलएल.बी.ला सनद (वकिलीचा परवाना) मिळत नाही. तुमचं लेकरू सहावीत आहे. माझं मत विचाराल तर आधी वर्षभर वकिलाच्या ऑफिसात काढा. काम आवडलं, डोक्यात घोळू लागलं, तर पुढच्या सीईटीला बसा. तेव्हा पुस्तकातलं कलम वाचताना तुम्हाला एखादी फाईल आठवेल, आणि मग अभ्यास जड जात नाही. सनदेच्या नोंदणीला पूर्वी भरमसाठ पैसे लागायचे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. बार कौन्सिलची परीक्षा आणि तिची फी वेगळी. कारकून म्हणूनच राहायचं ठरवलंत तरी त्यात कमीपणा नाही. मी असे कारकून पाहिलेत, की ज्यांच्या हातचा दावा टेबलावर आला की आम्ही तपासणीचा कागद बाजूला ठेवायचो. आक्षेप काढायला जागाच नसायची.

पैशांचं स्पष्ट बोला. तालुक्याला सुरुवातीचा पगार पतसंस्थेपेक्षा कमी असेल, हे धरूनच चाला. पगार किती तारखेला, परभणीला किंवा खंडपीठात संभाजीनगरला जावं लागलं तर भाडं कोण देणार, मे महिन्याच्या सुट्टीत पगार चालू राहणार का, हे आधी विचारा. कारकून म्हणून कोर्टात नाव नोंदवून ओळखपत्र काढून घ्या, त्याशिवाय फाईल बघायला मागू नका. स्टॅम्प, समन्सचा भत्ता (समन्स बजावण्याची फी), नकलेची फी यांचा हिशेब वेगळ्या वहीत, पक्षकाराच्या सहीसकट. समन्सचा भत्ता भरला नाही म्हणून दावा निकाली निघालेला मी पाहिलाय, आणि पक्षकार सांगत होता की पैसे दिले होते. तुमच्या वहीत असं होऊ देऊ नका. टेबलावर काही ठेवल्याशिवाय फाईल हलत नाही असं सांगणारे भेटतील. ठेवू नका. ज्याची पावती मिळते तेवढंच भरा आणि चार वेळा चकरा मारा. खिडकीतली माणसं हळूहळू ओळखू लागतात की ही बाई देत नाही आणि सोडतही नाही.

आणखी एक, बाई म्हणून. आपल्या तालुका कोर्टांत महिला कारकून अजून थोड्या आहेत. पोटगीचं, मारहाणीचं प्रकरण घेऊन आलेली बाई पुरुष कारकुनापुढं अर्धंच सांगते. तुम्ही तिथं बसलात तर ती पूर्ण सांगेल, आणि तिच्या अर्जात ते येईल. १ ऑक्टोबर १९९४ पासून महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि लग्नसंबंधातून निघालेल्या मालमत्तेच्या वादात बायकांना कोर्ट फी माफ आहे. आजही किती बायकांना हे माहीत नसतं! उसने पैसे काढून फीची सोय करतात. पहिल्या भेटीतच सांगत जा.

तुमच्या भागाबद्दल शेवटचं. निम्न दुधना धरणासाठी सेलू तालुक्यातली जमीन गेली, त्याच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणं तुमच्या हाताखालून जातील. १८९४ च्या जुन्या कायद्यात कलम २८ अ आहे. एकाच अधिसूचनेखाली ज्यांची जमीन गेली त्यांपैकी एकाला कोर्टानं वाढीव मोबदला दिला, तर कोर्टात न गेलेला शेजारीही तोच दर मागू शकतो. मात्र त्या निकालापासून तीन महिन्यांत, नकलेला लागलेले दिवस वगळून. किती शेतकऱ्यांना शेजाऱ्याच्या निकालाची बातमी वेळेत कळते? ही बातमी शोधणं, सातबारा आणि निवाड्याची नक्कल काढून फाईल वकिलासमोर ठेवणं, हे तुम्ही करू शकता. राष्ट्रीय महामार्गाला गेलेल्या जमिनींचं वेगळं, तिथं मोबदल्याचा वाद लवादाकडं जातो. वकीलसाहेबांना विचारून प्रत्येक प्रकाराच्या मुदती एका पुठ्ठ्यावर लिहा आणि टेबलासमोर टांगा. वय ३७ आहे म्हणून घाबरू नका. ज्याच्या समोर माणसं रडलेली आहेत आणि तरी ज्यानं त्यांचा फॉर्म नीट भरून दिलाय, त्याला या कामात आणखी काय शिकवायचं?

पत्र दुसरं

मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. पेन्शन आहे, तब्येत चांगली आहे. कोर्टात 'विधी स्वयंसेवक' घेतात असं ऐकलं. त्यात माझ्यासारख्याला घेतात का? त्यातून काही उत्पन्न होतं का?
– एक निवृत्त शिक्षक, औसा, जि. लातूर

उत्तर

गुरुजी, जरूर घेतात. विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत ज्यांना घ्यावं म्हटलंय त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, अंगणवाडी ताई आहेत, बचत गटातल्या बायका आहेत, कायद्याचे विद्यार्थी आहेत. लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडं चौकशी करा. निवड झाली की प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळतं. उत्पन्न म्हणून याच्याकडं बघू नका. ज्या दिवशी काम दिलं त्या दिवसाचं मानधन, एवढंच. ज्याला घर चालवायचंय त्यानं यावर विसंबू नये. तुम्हाला पेन्शन आहे, म्हणून तुम्हाला मी आग्रहानं सांगते.

काम काय, तर माणसाला योग्य दारापर्यंत नेऊन सोडायचं. फुकट वकील कुणाला मिळतो, हे गावात फार थोड्यांना माहीत असतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला, लहान मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, दिव्यांगाला, कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. १५१०० हा फोन क्रमांक शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. तुमचं अक्षर चांगलं असणार.

पगाराची नोकरी हवी असलेल्या वाचकांसाठी इथंच सांगते. २०२२ पासून याच प्राधिकरणाच्या वतीनं जिल्ह्याजिल्ह्यांत आरोपींसाठी बचाव वकिलांची कार्यालयं निघाली. तिथं कार्यालयीन सहायक आणि टंकलेखकाच्या कंत्राटी जागा असतात. जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावरच्या जाहिराती बघत राहा.

पत्र तिसरं

तहसीलसमोर माझं टेबल आहे, लॅपटॉप-प्रिंटर आहे. ऑनलाइन अर्ज, प्रतिज्ञापत्र, वाटणीचे अर्ज करून देतो. लोक सल्लाही विचारतात, नोटीसही लिहून मागतात. 'लीगल कन्सल्टंट' असा बोर्ड लावला तर चालेल का?
– एक तरुण, भोकरदन, जि. जालना

उत्तर

नाही चालणार, भाऊ. बोर्ड लावूच नका. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिली फक्त सनदधारकालाच करता येते आणि सनद नसताना कोर्टात किंवा अधिकाऱ्यासमोर वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. माणूस सांगेल तसा अर्ज टाइप करणं, फॉर्म भरणं, कागद जोडणं यात काही गैर नाही. पण 'दावा कर, जिंकशील' हे तुमच्या तोंडून निघालं की वाट चुकली.

तुमच्या टेबलावर मात्र एक मोठं काम होऊ शकतं. शेतरस्ता अडवल्याची तक्रार घेऊन माणसं तुमच्याकडं येत असतील. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडं दाद मागायची मुदत रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांची आहे. 'कधी अडवला' हे पहिलं विचारा आणि मुदत संपत आली असेल तर त्याच दिवशी वकिलाकडं पाठवा. एखाद्या चांगल्या वकिलाशी जोडून घ्या, त्यांचे कारकून व्हा. टेबल सुटेल, पण सातबारा आणि फेरफार वाचायचं जे ज्ञान तुम्हाला आहे ते त्यांच्याकडं जास्त कामाला येईल. बँकेच्या कर्जासाठी जमिनीचा जुना शोध काढायला वकिलांना अशीच माणसं लागतात, ज्यांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची दोन (नोंदलेल्या व्यवहारांची यादी) कशी बघायची ते कळतं.

पत्र चौथं

मी २४ वर्षांचा. उर्दू माध्यमात शिकलो, बी.ए. झालो, मोबाइलच्या दुकानात काम करतो. आजोबांनी मला जुनं मोडकं उर्दू हस्ताक्षर वाचायला शिकवलं. परवा एका शेतकऱ्याचा निजामाच्या काळातला कागद वाचून दिला तर तो खूप खूश झाला. याचा कामधंद्यासाठी काही उपयोग आहे का?
– एक वाचक, उदगीर, जि. लातूर

उत्तर

बाळा, तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. तुला 'तू'च म्हणते.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि महसुलाचा बराच कारभार उर्दूत होता. आजही जमिनीचा वाद निघाला की कुणीतरी ट्रंकेतून मुंतखब (इनामाचा दाखला) काढतो, कुणी सेतवार (जमिनीची नोंदवही), कुणी जुनी पाहणी (पिकांची नोंद). कुळाचा वाद असेल तर १९५० चा हैदराबाद कुळकायदा लागतो, इनामाचा असेल तर इनामं रद्द करणारा १९५४ चा. त्या कायद्यांचा आधार जुन्या नोंदीतच असतो. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये समिती आली तेव्हाही हे सगळ्यांना कळलं, की कागद आहेत पण वाचणारे म्हातारे होत चाललेत. दिवाणी टेबलावर मी पाहिलंय, दोन्ही बाजूंचे वकील एका उर्दू कागदाकडं बघत बसायचे आणि वाचणाऱ्याची वाट बघण्यात तारीख पडायची.

तुझ्या गावाचा तर आणखी गुंता. उदगीर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादला जोडलं आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला. जुना कागद शोधताना कुठल्या जिल्ह्याचं दप्तर मागायचं, हे ज्याला कळतं त्याचा निम्मा वेळ वाचतो. काही दप्तर हैदराबादच्या तारनाका भागातल्या अभिलेखागारात आहे.

अक्षर वाचता येतं, त्याला आता तीन गोष्टी जोड. एक, फसली सन, म्हणजे निजामाच्या काळातलं महसुली वर्ष. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१. वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. कागद पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे संस्थान भारतात येण्याच्या, आधीचा की नंतरचा, यावर कधीकधी सगळा दावा उभा असतो. दोन, पैसे. जुन्या कागदात शेतसारा हाली, म्हणजे निजामाच्या, रुपयांत असतो, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये. तीन, हिशेबाची रकम लिपी, जिच्यात आकडे अंकांनी न लिहिता खुणांनी लिहितात. आजोबा असतील तर आजच बसून शिकून घे.

दुकान लगेच सोडू नको. लातूर, उदगीर, नांदेडच्या जमिनीची कामं करणाऱ्या वकिलांना भेट, एखाद्या कागदाचं वाचन करून दाखव. कामं वाढली की मग एखाद्या ऑफिसात बस. कागदाची मूळ प्रत कधी घरी नेऊ नको, फोटो काढ आणि त्यावरून काम कर. जे अक्षर लागत नाही तिथं अंदाजानं शब्द भरू नको. 'वाचता येत नाही' असं कंसात लिही, कारण तुझ्या भाषांतरावर उद्या तुलाच साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी होईल. आधी मूळ उर्दू जसंच्या तसं स्वच्छ अक्षरात उतरव, मग त्याखाली मराठी लिही, प्रत्येक पानावर सही आणि तारीख टाक. मोबदला पानावर ठरव, निकालावर नाही. कुणी म्हणालं की 'दावा जिंकल्यावर देऊ', तर कागद परत कर.